नेम वारीचा, नेम गोळीचा

(शताब्दी सोहळ्यात सायंकाळच्या हरिपाठानंतर झालेलं बोलणं. जसं झालं तसं उतरवून घेतलं आहे.)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या सोहळ्यात थोरामोठ्यांनी परंपरेवर सांगितलं, नामावर सांगितलं, ते आपण कान भरून ऐकलं. आम्हाला दिंडीचालकांनी अर्धा तास दिला आहे. तो आम्ही एका गोळीसाठी मागून घेतला आहे. फिटची गोळी. कुणी मिरगी म्हणतं, कुणी फेफरं, कुणी आकडी. रोग एकच.

आता कुणी म्हणेल, बुवा चौथी शिकलेले, शेती करून कीर्तन करणारे, यांना औषधाचं काय कळतंय? खरं आहे. म्हणून यातलं आम्ही पदरचं काही सांगणार नाही. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंपाशी बसून विचारून घेतलं, कागदावर उतरवलं, परत त्यांना वाचून दाखवलं. कीर्तनात प्रमाण लागतं, तसं इथेही लागतं.

आणि हे बोलायचं कारण असं, की आपल्या दिंडीत ही गोळी रोज घेणारी माणसं आहेत. टाळकऱ्यांत आहेत, तुळस डोक्यावर घेणाऱ्या मायमाउलींत आहेत. घरी ती वेळेवर गोळी घेतात. वारीत आली की नेम मोडतो. वारीत मोडतो, याचंच आम्हाला वाईट वाटतं. कारण वारी म्हणजे काय? वारी म्हणजे नेम. ऊन असो, पाऊस असो, पेरणी राहिली असो, ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचं प्रस्थान होतं आणि आपण निघतो. एवढा कडक नेम पाळणाऱ्याला दोन वेळच्या गोळीचा नेम जड का व्हावा?

पहिला प्रश्न लोक विचारतात तो हा, "बुवा, पांडुरंग हाय की पाठीशी. मग गोळी कशाला?"

मायबापहो, पेरणीच्या वेळी आपण असं म्हणतो का? पांडुरंग आहे, मग बी कशाला? बी आपण टाकायचं, उगवून आणणारा तो. गोळीचंही तसंच. आणि फिट म्हणजे काही बाहेरची बाधा नाही, करणी नाही, देव कोपलेला नाही. मेंदूचं काम बारीक विजेवर चालतं. ती वीज मध्येच उसळली की अंग ताठ होतं, हातपाय झटकतात, शुद्ध जाते. कुणाला लहानपणी मेंदूला इजा झालेली असते, कुणाच्या डोक्याला मार लागलेला असतो, कुणाच्या मेंदूत जंताची गाठ असते, तर कुणाचं कारण सापडतही नाही. तुकोबारायांनी नवससायास आणि अंगात येणं यांवर केवढे कोरडे ओढले. त्यांचं नाव घेणाऱ्यानं फिट आलेल्या लेकराला देवऋष्याकडं न्यावं, हे शोभत नाही. नीट औषध चालू राहिलं तर दहांतल्या सातजणांच्या फिट थांबू शकतात, असं डॉक्टर सांगतात. सात म्हणजे थोडे नव्हेत.

दुसरा प्रश्न, "दोन-तीन वर्षं फिट आली नाही. आता बरा झालो. मग का घ्यायची?"

हा सगळ्यात घातकी प्रश्न. आपण शेतकरी माणसं, म्हणून शेतातलंच सांगतो. वरच्या ओढ्याचं पाणी रानात शिरतं म्हणून आपण बांध घातला. रान कोरडं राहिलं. आता रान कोरडं आहे, पाणी काही येत नाही, असं म्हणून कुणी बांध फोडतो का? पाणी थांबलंय ते बांधामुळं. फिट थांबली आहे ती गोळीमुळं.

आमच्या दिंडीतल्या एका पखवाजीची गोष्ट. नाव सांगत नाही, गोष्ट सांगायला मात्र त्याचीच परवानगी आहे. तीन वर्षं फिट नव्हती. त्यानं आळंदीला मनोमन गोळ्या माउलींच्या पायाशी ठेवल्या आणि निघाला. पुण्यात दोन रात्री भजनात जागला. पुण्याहून सासवडला निघालो तो दिवस एकादशीचा. बहुतेक साली तसंच येतं. वर्षातली मोठी चाल, दिवेघाटाची चढण आणि पोटात उपास. तो दिवस निभावला. सासवड झालं, जेजुरी झाली. वाल्ह्याच्या वाटेवर त्याला फिट आली. पहिली थांबली, पण तो शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली. वाटेवर आरोग्य खात्याचं पथक होतं, गाडी होती, म्हणून जीव वाचला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ही गोळी एकदम तोडली की फिट एकामागून एक येतात, थांबतच नाहीत. तशात माणूस दगावतो.

तेव्हा हे पक्कं धरा. ही गोळी कायमचीच असते असं नाही. काहींची बंद होते. पण फिट न येता बरीच वर्षं, निदान दोन तरी, गेल्यावर आणि डॉक्टरांनी तपासून ठरवल्यावरच. तीही एकदम बंद होत नाही. महिनोन् महिने थोडी थोडी कमी करत आणतात. चढत्या घाटावरनं गाडी खाली आणताना बैल आवरत आवरत आणतात, तसं. कुणाला मात्र जन्मभर घ्यावी लागते. त्यात कमीपणा काय? माळही आपण जन्मभरासाठीच घालतो.

तिसरा प्रश्न एकादशीचा. "गोळीनं उपास मोडतो का?" औषधानं व्रत मोडत नाही. घोटभर पाण्याबरोबर गोळी घ्या आणि उपास चालू ठेवा. पण निर्जळी करू नका. आणि उपाशीपोटी गोळीनं मळमळत असेल किंवा उपासात फिट येत असेल, तर राजगिरा, शेंगदाणे, केळं, जे चालतं ते वेळेवर पोटात घाला. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी खाणं मापात, चालणं मापात आणि झोपेलाही तिच्या वेळी मान द्यावा, असं सांगितलं आहे. ते योग्यासाठी सांगितलं, तरी फिटच्या रोग्याला ते आधी लागू आहे. कारण गोळी चालू असूनही जागरणानं फिट येते. म्हणून फिटवाल्या माणसाला आपण रात्रभराच्या जागराला धरून बसवायचं नाही. हरिपाठ झाला, आरती झाली, जेवण झालं, की त्याला म्हणायचं, "माउली, तुमची सेवा रुजू झाली, निजा आता." घरी रात्रीची लाइट असते, पाण्याची पाळी असते. तीही घरातल्या दुसऱ्यानं बघावी.

आता वारीत नेम कसा सांभाळायचा, ते क्रमानं सांगतो. पाटीवर लिहून घ्यावं असं आहे.

गोळ्या मोजून आणा. प्रस्थानापासून आषाढी पौर्णिमेच्या काल्यापर्यंत साधारण २३ दिवस. दिवसाला दोन गोळ्या असतील तर ४६. गावाहून येणं-जाणं आणि एखादवेळी अडकणं धरून आठवड्याच्या १४ जादा. झाल्या ६०. वाटेत मिळतील म्हणू नका. वाटेतल्या गावात लाखोंची गर्दी. तुमची नेमकी गोळी त्या दुकानात असेलच असं नाही.

गोळ्या दोन जागी ठेवा. निम्म्या स्वतःच्या अंगावर, खांद्याच्या झोळीत. निम्म्या सोबत चालणाऱ्या खात्रीच्या माणसाकडं. सगळ्या ट्रकातल्या ट्रंकेत ठेवू नका. सामानाचा ट्रक पहाटे पुढं निघून जातो, तो संध्याकाळी मुक्कामावरच भेटतो.

गोळ्या पाकिटातच असू द्या. सुट्या करून डबीत, तंबाखूच्या पुडीत भरू नका. आषाढाची हवा दमट असते. व्हॅल्प्रोएट नावाची गोळी तर ओल ओढून विरघळायला लागते. पाकिटासकट जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्सही त्याच पिशवीत ठेवा. त्यावर घरच्यांचा फोन नंबर लिहा.

वेळ घड्याळाची धरा. काही जण म्हणतात, काकड्याला एक आणि हरिपाठाला एक. घरी ते चालतं. वारीत काकडा आज तीनला तर उद्या चारला, आणि मुक्काम कधी पाचला तर कधी रात्री आठला. गोळीचा जोर रक्तात ठरावीक तासच टिकतो. दोन वेळची असेल तर साधारण बारा तासांचं अंतर पडलं पाहिजे. मोबाइलला गजर लावा, नाहीतर दोन सोबत्यांना आठवण करायला सांगा.

चुकली तर काय? आठवली की लगेच घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्या आणि पुढची वेळेवर घ्या. दोन एकदम घ्यायच्या नाहीत. युरियाची एक पाळी चुकली म्हणून आपण दुसऱ्या पाळीला दुप्पट टाकतो का? पीक जळतं. प्रत्येक गोळीचं थोडं वेगळं असतं, म्हणून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा, "चुकली तर किती तासांपर्यंत घेऊ? गोळी घेतल्यावर उलटी झाली तर काय करू?" आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्या. वारीत हगवण-उलटी लागतेच कुणाला तरी. गोळी पोटात टिकत नसेल तर दोन दिवस वाट बघू नका. त्याच दिवशी पथकाचे डॉक्टर गाठा.

गोळी तीच आणि आकडाही तोच. गोळीच्या नावापुढं मिलीग्रॅमचा आकडा असतो. २०० आणि ५०० यांत फरक आहे. इंग्रजी वाचता येत नसेल तरी आकडा वाचता येतो. आधीचं रिकामं पाकीट जपून ठेवा आणि नवं घेताना शेजारी धरून बघा. मेडिकलवाला म्हणाला, "ही दुसऱ्या कंपनीची, तीच आहे," तर आधी डॉक्टरांना फोन करा. आणि काही गोळ्या पोटात हळूहळू सुटतील अशा केलेल्या असतात. त्या कुटायच्या नाहीत, चावायच्या नाहीत. मोडायच्या की नाही तेही विचारूनच.

दुसऱ्याची गोळी घेऊ नका, आपली दुसऱ्याला देऊ नका. "मलाबी फिटच हाय, घे माझी एक" हा परोपकार नव्हे.

दुसरं कोणतंही औषध घेताना आधी सांगा, "मला फिटची गोळी चालू आहे." सर्दीताप असो, दाताचं असो, टीबीचं असो. काही औषधांनी फिटच्या गोळीचा जोर कमी होतो, काहींनी वाढतो. वाटेत झाडपाल्याच्या पुड्या विकणारे बसतात. त्या पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि दारूचं माळकऱ्याला सांगायला नको, पण गावाकडं जे ऐकतील त्यांना सांगतो, ही गोळी आणि दारू एकत्र नांदत नाहीत.

आता गोळीचा त्रास कसा ओळखायचा? नवी गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ उठलं, ताप आला, तोंडात फोड आले, कातडी दुखायला लागली, तर तो उन्हाचा घामोळा समजू नका. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन या गोळ्यांनी असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर. डोळे पिवळे झाले, सारखी उलटी होतेय, माणूस सुस्त पडतोय, तरीही लगेच डॉक्टर. लेव्हेटिरासिटाम घेणारा काही वेळा विनाकारण चिडतो, उदास होतो. घरच्यांनी "वारीला आलास आणि भांडतोस?" म्हणून टोमणे मारू नयेत, डॉक्टरांना सांगावं. आणि जगणं नको असं कुणी बोललं, तर ते थट्टेवारी न नेता त्याला एकटं सोडू नये. फेनिटॉइननं हिरड्या सुजतात, त्याला दात रोज दोनदा स्वच्छ घासणं हा उपाय.

गोळी जास्त झाली की माणूस डुलतो, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते. एका टाळकऱ्याचं असंच झालं. ताल चुकायला लागला, पावली खेळताना तोल जायला लागला. मागून कुणीतरी बोललं, "माळ घालून पिऊन आलाय." गळ्यात माळ असलेल्या माणसाला हे शब्द किती लागले असतील! विचारल्यावर कळलं, वारीत फिट येऊन सगळ्यांना त्रास नको म्हणून तो आपल्या मनानं रोज एक गोळी जास्त घेत होता. फेनिटॉइनची गोळी होती. ती थोडी वाढवली तरी रक्तात फार वाढते. हेतू चांगला, पण माप चुकलं. मापात फेरफार डॉक्टरांनीच करायचा.

आयाबहिणींना दोन शब्द. लग्न मोडेल म्हणून मुलीची मिरगी लपवतात. मग ती पोर सासरी गोळी लपवून घेते, पाहुणे आले की चुकवते, आणि चुलीपाशी, विहिरीपाशी फिट येते. लपवल्यानं रोग जात नाही, गोळी मात्र जाते. पूर्वी हिंदू विवाहाच्या कायद्यातही मिरगीचं कलम होतं. १९९९ साली ते काढून टाकलं. कायद्यानं डाग पुसला, आपण का धरून बसायचं? आधी सांगून लग्न करा. मूल हवं असेल तर दिवस जायच्या आधीच डॉक्टरांकडं जा, कारण काही गोळ्यांनी, विशेषतः व्हॅल्प्रोएटनं, पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते. ते गोळी बदलतील, फॉलिक ॲसिड देतील. पण दिवस गेलेले कळलं म्हणून घाबरून गोळी एकदम बंद करायची नाही. फिट आली तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. काही गोळ्यांमुळं पाळणा लांबवायच्या गोळीचाही जोर कमी पडतो, तेही विचारून घ्या.

स्नानाचं सांगतो. इंद्रायणी, नीरा, चंद्रभागा, कुठंही फिटवाल्यानं एकट्यानं पाण्यात उतरू नये. गुडघाभर पाण्यातही माणूस जातो. पायरीवर बसून तांब्यानं अंगावर घ्यावं, शेजारी माणूस उभं असावं. चंद्रभागा तेवढीच पावन करते. घरीही विहिरीच्या काठावर, मळणीयंत्रापाशी, झाडावर एकटं जाऊ नये. गाडी, ट्रॅक्टर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हाती धरू नये.

आणि शेवटी, दिंडीत कुणाला फिट आलीच तर आपण काय करायचं? विणेकऱ्यांनी जागा मोकळी करावी. गळ्यातला टाळ काढावा, डोक्याखाली उपरणं द्यावं, माणसाला कुशीवर वळवावं म्हणजे लाळ बाहेर येते. एकानं घड्याळ बघावं. हातपाय दाबून धरू नयेत. नाकाला कांदा नको, चप्पल नको. तोंडात चमचा नको, बोट नको. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी, तीर्थ, गोळी काहीही तोंडात घालू नये, श्वासात जातं. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत थांबते. पाच मिनिटं झाली, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, किंवा पाण्यात आली, डोक्याला लागलं, बाई गरोदर आहे, किंवा आयुष्यातली पहिलीच फिट आहे, तर १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आल्यावर त्याच्याभोवती घोळका करून "काय झालं, काय झालं" करू नये. एकानं जवळ बसून हळू आवाजात नाव घ्यावं.

मायबापहो, आमचं दिंडीपाशी एक मागणं आहे. मुक्कामी समाजआरतीला चोपदार दंड वर करतात, सगळा सोहळा गप्प होतो आणि हरवलं-सापडलं पुकारलं जातं. एका वाटीसाठी, एका घोंगडीसाठी लाखो माणसं शांत उभी राहतात. मग आपल्या दिंडीत रोज संध्याकाळी जेवणाच्या पंक्तीआधी एकानं एवढंच विचारावं, "ज्यांना ज्यांना गोळी आहे, त्यांनी घेतली का?" फिटची असो, बीपीची असो, साखरेची असो. कुणाचं नाव घ्यायचं नाही, बोट दाखवायचं नाही. नावनोंदणीच्या वेळी ज्याला सांगावंसं वाटेल त्यानं दिंडीचालकांना कानात सांगावं, आणि त्याच्या जोडीला एक माणूस चालायला द्यावा.

तो पखवाजी आता दोन्ही वेळची गोळी घेतो आणि पखवाजही वाजवतो. परवाच्या हरिपाठाला त्याचाच हात होता, तुम्ही ऐकलात. पुढच्या शंभर वर्षांत या दिंडीतून फिट येते म्हणून कुणी घरी राहू नये, आणि वारीला आला म्हणून कुणी गोळी सोडू नये. एवढं झालं तर आमचा अर्धा तास कारणी लागला.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!